तीन इसमांची सोय

माझ्या वडिलांना देश बघायचा होता, पण रीतसर. कलकत्त्याच्या एका सरकारी कचेरीत ते नोकरीला होते आणि तिथं त्यांचं मुख्य काम फॉर्मांचे मसुदे करण्याचं होतं. कुठला रकाना आधी यावा, कुठल्या रेघेपुढं किती जागा सोडावी, ‘नको ते खोडावे’ ही सूचना वर छापावी की खाली, यावर ते जेवताना बोलत. आई भात वाढता वाढता ‘हूं’ म्हणायची. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि माझे वडील हे जगातले सगळ्यात कंटाळवाणे गृहस्थ आहेत असं माझं ठाम मत होतं. पुढं माझं लग्न झालं, तेव्हा ते मत बदललं.

आम्ही नागपूरहून बदलीवर आलो होतो आणि भवानीपूरच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकीण राहायच्या. त्यांना सगळी गल्ली माशिमा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. पूजेची सुट्टी जवळ आली की या गल्लीच्या अंगात यायचं. गच्चीगच्चीवर होल्डॉल उन्हात पडायचे, लोकरी टोप्या पेटीतून बाहेर निघायच्या. बंगाली माणूस पूजा झाली की कलकत्त्यात थांबत नाही, त्याला हवापालट लागतो. माशिमा दर वर्षी मधुपूरला जायच्या, कारण तिथलं पाणी पोटाला मानवतं. जाता येता त्या जिन्यात बाबांना विचारायच्या, यंदा तुम्ही कुठं? बाबा चार वर्षं नुसते हसले. पाचव्या वर्षी ते कचेरीतून येताना बगलेत देशाचा मोठा नकाशा मारून आले.

नकाशा पलंगावरच्या भिंतीवर लागला आणि बाबांनी तांबडी पेन्सिल हातात घेतली.

“देश आपला होऊन इतकी वर्षं झाली,” ते म्हणाले, “आणि आपण काय बघितलं? नागपूर आणि हावडा स्टेशन.”

यात खोटं काहीच नव्हतं. नागपूर आणि कलकत्ता ही दोन्ही गावं पोळपाटासारखी सपाट. डोंगर मी फक्त भूगोलाच्या वहीत काढला होता, तोही तपकिरी खडूनं. आता बाबा पेन्सिल फिरवत होते आणि मी पलंगावर उभी राहून बघत होते. हावड्याहून पुरी, तिथं समुद्र आणि देऊळ. मग मद्रास. मग मदुरा, तिथली गोपुरं. तिथून निलगिरीला दातेरी रुळावरून चढणारी आगगाडी, मग म्हैसूर, आणि सगळ्यात शेवटी औरंगाबादला उतरून वेरूळ-अजिंठा. समुद्र, डोंगर, जंगल, देवळं, लेणी, सगळं एका सुट्टीत. शाळेतल्या कॅलेंडरवर अजिंठ्याचं एक चित्र होतं आणि ते खऱ्या भिंतीवर बघायचं म्हणून मला झोप येईना. वडिलांविषयीचं मत मी तात्पुरतं मागं घेतलं.

आई पोळ्या लाटून झाल्यावर हात पुसत आली, नकाशाकडं बघितलं आणि तिनं विचारलं, “भाऊबीजेला आपण कुठं असू?”

बाबांनी वही उघडली. कोणत्या तारखेला कुठं, हे सगळं त्यांनी मांडून ठेवलं होतं. “वेरूळला,” ते म्हणाले.

“तिथून चंद्र दिसतो का?”

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. आई परत स्वयंपाकघरात गेली.

हे सांगायला हवं. आईला एकच भाऊ, तिच्याहून मोठा, धारवाडला शाळेत मास्तर. मी चार वर्षांची असताना माझी आजी गेली. ती मामाकडेच होती. आम्ही नागपुरात. मामानं तार केली नाही, कार्ड टाकलं. वाईट बातमीचं कार्ड म्हणून त्याचा कोपरा फाडलेला होता. तसलं कार्ड वाचून झालं की घरात ठेवत नाहीत, म्हणून आईनं ते वाचलं आणि बाहेर जाऊन फाडून टाकलं. ते आमच्या हातात पडलं तो दहावा दिवस होता. तार आली असती तर मी पोचले असते, हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की ते मला पाढ्यासारखं पाठ होतं. आई तेराव्याला गेली नाही. आई आली नाही याचा मामाला राग, आणि तार केली नाही याचा आईला. त्यानंतर इकडून पत्र नाही, तिकडून पत्र नाही.

दिवाळीत भाऊबीजेला भाऊ बहिणीकडं येतो आणि बहीण त्याला ओवाळते. जिला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. आईला भाऊ होता आणि ती चंद्राला ओवाळायची. कलकत्त्यात तर त्याची फार पंचाईत. बीजेची कोर ती केवढी, त्यात समोर तिमजली घरं. दिवस मावळायच्या आत आई तबक घेऊन गच्चीवर जायची आणि कोर दिसेपर्यंत निरांजनाला पदर आडवा धरून उभी राहायची. त्याच दिवशी खाली माशिमांकडं त्यांचे तीन भाऊ धोतरं सावरत टिळा लावून घ्यायला आलेले असायचे आणि त्यांचं हसणं जिन्यातून वर यायचं. मला आईची दया यायची आणि थोडी लाजही वाटायची. लाज वाटायची हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटायची.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नकाशावर म्हैसूर आणि औरंगाबादच्या मधे एक तांबडी फुली मारली. “गिरसप्प्याचा धबधबा,” ते म्हणाले. “एवढं दक्षिणेत जायचं आणि तो बघायचा नाही म्हणजे काय?” आईला त्यात वावगं काही दिसलं नाही. धबधब्यापाशी धर्मशाळा असेल असं ती समजली.

त्या काळी आपली माणसं प्रवासाला निघाली की हॉटेलात उतरत नसत. त्या त्या गावात कुणी तरी आपलं शोधायचं, एखादा जुना सहकारी, कुणाच्या तरी साडूचा भाऊ, आणि त्याच्याकडं जाऊन पथारी टाकायची. त्यासाठी आधी जोडकार्ड पाठवायचं. जोडकार्ड म्हणजे दोन कार्डं एकमेकांना चिकटलेली. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं. समोरच्यानं ते कोरं फाडून त्यावर उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं, त्याला तिकिटाचा भुर्दंड नाही.

आता, कोरं कार्ड कोरं सोडायचं हे बाबांच्या स्वभावातच नव्हतं. लोकांना उगाच लिहिण्याचा त्रास कशाला, असं म्हणून त्यांनी उत्तराच्या प्रत्येक कार्डावर एका बाजूला आमचा पत्ता लिहिला आणि दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. ‘१. सोय आहे. २. सोय नाही.’ खाली, ‘नको ते खोडावे.’ पहिल्या कार्डावरचा मजकूर सगळ्यांना सारखाच होता, मी स्वतः बघितला. ‘स. न. वि. वि. पूजेच्या सुट्टीत आपल्या गावी येण्याचा बेत आहे. तीन इसमांची राहण्याची सोय होईल किंवा कसे, ते सोबतच्या कार्डावर कळवावे.’ तीन इसम म्हणजे बाबा, आई आणि मी.

“काय सुटसुटीत झालंय बघ,” ते मला म्हणाले. खरोखर सुटसुटीत झालं होतं. फक्त उत्तर देणाऱ्याच्या नावाला त्यांनी जागा ठेवली नव्हती. उभा जन्म फॉर्म करण्यात घालवलेल्या माणसाकडून हे व्हावं, याला काय म्हणायचं? कार्डं पेटीत पडली तेव्हा हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांत उत्तरं येऊ लागली. पहिलंच कार्ड आलं, ‘सोय नाही’ खोडलेलं, म्हणजे सोय होती. पण कुठं? बाबांनी उलटून पाहिलं, पत्ता त्यांच्याच अक्षरात, पोस्टाचा शिक्का म्हणजे नुसता काळा डाग. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आई बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली. नशिबानं बहुतेक माणसं फॉर्मला जुमानणारी नव्हती आणि त्यांनी उरलेल्या जागेत आपापलं काही ना काही घातलं होतं. त्या पहिल्या कार्डाच्या कडेला शिसपेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, ‘समुद्रात नाहण्याचे कपडे निराळे आणावेत.’ ती पुरी. एकानं, ‘येथे पाणी उकळूनच प्यावे’ म्हणून लिहिलं आणि खाली ‘मद्रास’ अशी सही केली. मदुरेहून ‘मुलीस तिखट चालते काय?’ औरंगाबादच्या गृहस्थांनी लेण्यांना जाणाऱ्या मोटारीच्या वेळाच लिहून पाठवल्या. मी ते कार्ड उशीखाली ठेवलं.

एका दुपारी शेवटची दोन कार्डं एकदम आली. मीच दारात घेतली. एकावर ‘सोय नाही’ खोडलं होतं, बाकी काही नाही. दुसऱ्यावर दोन्ही ओळी खोडलेल्या होत्या. ‘सोय आहे’ही खोडलं होतं आणि ‘सोय नाही’ही. एकेकच सरळ रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी.

आईनं दोन्ही हातात घेतली. “पुरी, मद्रास, मदुरा, औरंगाबाद,” तिनं बोटांवर मोजलं. “राहिलं एक म्हैसूर. मग हे सहावं कुणाचं?”

संध्याकाळी बाबांनी कोट खुंटीला लावायच्या आत तिनं तोच प्रश्न त्यांना विचारला. बाबा खोटं बोलण्यात अगदीच कच्चे होते. “गिरसप्प्याला जायला धारवाड सोयीचं पडतं,” ते म्हणाले.

आईनं दोन्ही कार्डं त्यांच्यापुढं ठेवली. मग म्हणाली, “मला विचारलं नाहीत.”

“विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते. आता झालं समाधान? बघा, दोन्ही खोडलंय. आहे म्हणायचं नाही आणि नाही म्हणायचीही इच्छा नाही. तुमच्याशी बोलायचंच नाही, असा अर्थ आहे त्याचा.”

“पण ते त्याचंच कशावरून?” बाबा म्हणाले. “म्हैसूरवाल्याचं असेल. तो पहिल्यापासून विक्षिप्त आहे.”

सगळं त्या विक्षिप्तपणावर येऊन ठेपलं. दोन कार्डं, दोन गावं. एक हो आणि एक काही तरी भयंकर. बाबा भिंग घेऊन शिक्क्याशी झगडत बसले. आईनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दर थोड्या वेळानं ती ‘हो’चं कार्ड उचलून उजेडात धरत होती. ते धारवाडचं निघावं अशी तिची इच्छा होती, आणि अशी इच्छा असल्याचा तिला राग येत होता. पोळी करपली ती आम्ही मुकाट्यानं खाल्ली. हावड्याला जाऊन तिकिटं काढायची तर तारखा नक्की हव्यात. धारवाड घ्यायचं की गाळायचं हे कळेपर्यंत पेन्सिल पुढं सरकेना, आणि माझा अजिंठाही अडकला. मला त्या न पाहिलेल्या मामाचा संताप आला.

बाबांनी म्हैसूरच्या मित्राला दुसरं जोडकार्ड पाठवलं. या वेळी त्यात नावासाठी रेघ होती. दहा दिवसांनी उत्तर आलं. ‘सोय आहे असे मागेच कळविले आहे. पुन्हा पुन्हा काय विचारता?’ आणि रेघेवर नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

म्हणजे ते दोन रेघांचं कार्ड मामाचं.

आईनं कणीक मळली, पोळ्या केल्या, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि बराच वेळ खाली आली नाही, म्हणून मी वर गेले. माशिमा बडीच्या, म्हणजे डाळीच्या सांडग्यांच्या, वाळवणापाशी बसल्या होत्या आणि आई त्यांच्या शेजारी, डोळे लाल. दोघींची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी बंगाली आणि उरलेले हातवारे, पण आईनं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. माशिमांनी हातातली बडी ताटात टाकली.

“राग कोरेछो?” त्या म्हणाल्या. “ताहोले लिखे राग कोरो.” रागावली आहेस ना, मग लिहून रागाव. न लिहिता रागावलेलं धारवाडला कसं कळणार?

राग हा शब्द दोन्हीकडं एकच असल्यामुळं आईला दुभाष्या लागला नाही. ती तशीच खाली आली आणि माझ्या शाळेच्या वहीतली चार पानं टरकावून लिहायला बसली. काय लिहिलं ते तिनं वाचू दिलं नाही. पण मी शाई भरून द्यायला दोनदा जवळ गेले आणि शेवटच्या पानावरचं एक वाक्य मला दिसलं. ‘तेव्हाही कार्ड आणि आताही कार्ड. माझ्याशी तुला दोन ओळी बोलवत नाहीत, त्याही खोडतोस.’ इतक्या वर्षांतलं तिचं भावाला पहिलं पत्र, आणि ते भांडणाचं. ते ती स्वतः पेटीत टाकून आली. आल्यावर तिनं बाबांना सांगितलं, “धारवाड गाळा.” बाबांनी फुलीवर खोडरबर धरलं, पण खोडलं नाही. कचेरीतून उशीर झालाय, उद्या बघू, असं म्हणून त्यांनी ते आठ दिवस बघितलं.

मामाचं उत्तर पाकिटातून आलं, जाडजूड. आईनं ते देवापुढं ठेवलं, परत उचललं, मग बाबांच्या हातात दिलं. “तुम्ही वाचा,” ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. बाबांनी चष्मा लावला. ते पत्र पुढं आईच्या पेटीत राहिलं, त्यामुळं मला ते जवळजवळ पाठ आहे.

‘तुझे पत्र पोचले. तू रागावलीस हे बरे झाले. कार्डाचे म्हणशील तर खोडले ते मीच. तुझ्या यजमानांनी विचारले की तीन इसमांची सोय आहे किंवा कसे. माझी बहीण इसम कधी झाली? माहेरी यायला सोय विचारतात काय? सोय आहे म्हणावे तर मी खानावळ चालवतो असे होते, आणि नाही म्हणायला जीभ झडायची. दोन्ही ओळी चुकीच्या, म्हणून दोन्ही खोडल्या. मास्तर माणूस, चूक दिसली की रेघ मारतो. खाली लिहायला जागा नव्हती, आणि खरे सांगायचे तर मीही रागात होतो.

‘आई गेली तेव्हा तार करायचे सुचले नाही. त्या दिवसांत मी काय केले ते मला आठवत नाही. कार्डही शेजाऱ्यांनी टाकले. मी एवढेच सांगू शकतो. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे असते. मी गेलो नाही ही माझी चूक, तिच्यावर रेघ तूच मार. आता तू इकडे येतेस तर भाऊबीज झाल्याशिवाय निघायचे नाही. तुझी वहिनी तुझ्या खोलीतले धान्याचे डबे आजच हलवते आहे.’

बाबांनी मधेच चष्मा काढून पुसला आणि उरलेलं पत्र, त्यात गाडीच्या वेळा होत्या, अगदी कचेरीतल्या आवाजात वाचलं. आई भिंतीकडं तोंड करून रडत होती. मी घाबरून तिच्याजवळ गेले, तर ती म्हणाली, “काही नाही गं. सुटले बाई.” एवढा मोठा श्वास सोडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मग तिला एकदम हसू आलं. “इसम,” ती बाबांना म्हणाली. “मी इसम?” बाबा कान धरल्यासारखे उभे होते आणि त्यांच्या मनावरचं ओझंही उतरलेलं दिसत होतं.

आता पेन्सिल चालायला लागली. पण भाऊबीजेपर्यंत धारवाडला राहायचं तर पुढं सुट्टी उरत नव्हती. तिथून तडक हावडा, तरच माझी शाळा आणि बाबांची कचेरी गाठता येणार. बाबांनी वहीत औरंगाबादवर रेघ मारली आणि माझ्याकडं बघितलं. मी पाय आपटत गच्चीवर गेले आणि तिथं एकटीच रडले. पण खरं सांगते, ते रडणंही फार वेळ टिकलं नाही. घरात इतकं मोकळं वाटत होतं की रुसून बसायला कोपरा सापडेना. खाली आई गाणं गुणगुणत डाळ निवडत होती. बाबांनी औरंगाबादच्या गृहस्थांना माफीचं पत्र लिहिलं, साधं, रकाने नसलेलं. गोपुरं, निलगिरी, गिरसप्पा हे सगळं मी पुढं त्या प्रवासात बघितलं. अजिंठा मात्र राहिला तो राहिलाच.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा सामानाची यादी घेऊन ट्रंकेपाशी बसले होते. यादीला अर्थातच रकाने होते, वस्तू, नग, कशासाठी. आई एकेक वस्तू देत होती आणि ते खूण करून आत ठेवत होते. शेवटी तिनं चिंचेनं घासून लख्ख केलेलं पितळी निरांजन जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून आणलं.

“हे कशाला?” बाबा म्हणाले. “त्यांच्याकडं निरांजन नसेल का?”

“असेल,” आई म्हणाली. “पण हे मी नऊ वर्षं चंद्रापुढं धरलंय. ज्याचं त्याच्यापुढं एकदा धरू दे.”

बाबांनी पातळाचं बोचकं दोन्ही हातांनी घेतलं आणि कपड्यांच्या मधोमध ठेवलं. यादीत त्यांनी ‘निरांजन, एक’ असं लिहिलं आणि ‘कशासाठी’चा रकाना कोरा सोडला.